बी.एड.ला प्रवेश घेण्याआधी मधल्या वर्षांचा हिशोब

ताई, तुमचा प्रश्न मी दोन वेळा वाचला. उत्तराआधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. तुमचे वय ३३ आहे, रसायनशास्त्र घेऊन तुम्ही बी.एस्सी. झाला आहात आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत महिना १९,००० रुपयांवर काम करता. घटस्फोटाचा हुकूमनामा होऊन दोन वर्षे झाली. मुलगी ९ वर्षांची असून चौथीत आहे, मुलगा ६ वर्षांचा असून पहिलीत आहे. दोघेही तुमच्याजवळ आहेत आणि पोटगी कधी येते, कधी येत नाही. उचगावात भाड्याच्या दोन खोल्यांत तुम्ही राहता, आई कागलला भावाकडे असते. घरचे आणि शेजारचे सगळे म्हणतात की शिक्षिका हो, बाईमाणसाला त्यासारखी सोयीची नोकरी नाही, मुलांबरोबर घरी येशील आणि मुलांबरोबर सुट्टी मिळेल. म्हणून हातची नोकरी सोडून बी.एड. करावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी करवीर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका आहे. लग्नाआधी डी.एड. झाले होते, पण नोकरी केली नव्हती. २००१ साली पती गेले तेव्हा मुलगी पाच वर्षांची आणि मुलगा दोन वर्षांचा होता. २००३ साली राधानगरी तालुक्यातील एका वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत शिक्षण सेविका, म्हणजे पहिली तीन वर्षे मानधनावर काम करणारी शिक्षिका, म्हणून मी रुजू झाले. त्या वेळी मानधन महिन्याला ३,००० रुपये होते. त्यानंतर माझ्या शाळांत आलेल्या अनेक छात्राध्यापिका आणि नव्याने रुजू झालेल्या शिक्षिका मी जवळून पाहिल्या, त्यांतल्या काही तुमच्यासारख्याच एकट्या मुले वाढवणाऱ्या होत्या. जे लिहिते आहे ते या अनुभवावरून.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. शिक्षिका व्हावे का, हा एक. मुलांना वाढवताना सोयीची पडेल अशी नोकरी कोणती, हा दुसरा. तुमच्या शेजारणींनी जी शिक्षिका पाहिली आहे ती बहुधा पंधरा-वीस वर्षे नोकरी झालेली, बदलीने शहराजवळ आलेली आणि पूर्ण पगारावर असलेली शिक्षिका आहे. तिच्याकडे पाहून दिलेला सल्ला खोटा नसतो. मात्र तुम्ही आज जिथे उभ्या आहात तिथून तिच्यासारख्या पूर्ण पगारापर्यंत जायला सात-आठ वर्षे लागतात, आणि ती वर्षे सोयीची नसतात. त्या मधल्या वर्षांत तुमचे घर कसे उभे राहील, हा मला तुमचा खरा प्रश्न वाटतो.

आधी वाट कशी आहे ते पाहू. बी.एड.साठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची सीईटी द्यावी लागते आणि पदवीला खुल्या प्रवर्गात ५० टक्के, तर राज्यातील मागास प्रवर्गांत ४५ टक्के गुण लागतात. अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर बी.एड.च्या आधारावर पहिली ते पाचवीच्या वर्गांवर नेमणूक मिळत नाही, त्यासाठी डी.एल.एड. (पूर्वीचे डी.एड.) लागते, म्हणून तुमच्यासाठी सहावी ते आठवी आणि नववी-दहावी एवढेच वर्ग उरतात. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर उत्तीर्ण असावे लागते. तो १५० गुणांचा असतो, त्यात गणित-विज्ञानाचे ६० गुण असतात आणि खुल्या प्रवर्गाला उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. सीबीएसईची सीटीईटी, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षाही चालते आणि ती बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असतानाच देता येते. हे प्रमाणपत्र आता आयुष्यभर वैध असते, त्यामुळे जितक्या लवकर पदरात पडेल तितके बरे. सप्टेंबर २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या, सेवेतील शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली आहे, तेव्हा ही परीक्षा टाळून जाण्याचा मार्ग कोणी सुचवला तर ऐकू नका.

यानंतर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे सर्वजण जिला टेट म्हणतात ती. १२० मिनिटांत २०० प्रश्न सोडवायचे असतात आणि त्या गुणांवर राज्याच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून शिफारस होते. ही चाचणी दरवर्षी होत नाही, हे नीट लक्षात घ्या. पहिली डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये आणि तिसरी मे-जून २०२५ मध्ये. पहिल्या दोन परीक्षांमध्ये पाच वर्षांहून अधिक अंतर गेले. दुसऱ्या परीक्षेच्या उमेदवारांची शिफारस यादी जवळजवळ एक वर्षाने, फेब्रुवारी २०२४ मध्ये लागली.

इथे तुमच्या वयाचा मुद्दा येतो, आणि तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही म्हणून मला दोन वेगळी उत्तरे द्यावी लागतात. भरतीची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ वर्षे आहे. पुढच्या वर्षी प्रवेश घेतला तर बी.एड. पूर्ण होईल तेव्हा तुम्ही ३६ वर्षांच्या असाल. मागास प्रवर्गात असाल तर पुढे सात वर्षे हाताशी आहेत आणि एक-दोन संधी मिळण्याची शक्यता बरी आहे. खुल्या प्रवर्गात असाल तर दोनच वर्षे उरतात, आणि २०१७ नंतर पडली तशी पोकळी पुन्हा पडली तर एकही संधी न मिळता वय उलटून जाईल. खासगी विनाअनुदानित शाळांना हे बंधन नाही, पण त्यांच्याविषयी मी पुढे लिहिते. हा एकच तपशील तुमचा निर्णय फिरवू शकतो, म्हणून जातीचा दाखला, जात पडताळणी आणि नॉन-क्रिमिलेअर यांपैकी जे लागू असेल ते बी.एड.च्या अर्जाआधी तपासून ठेवा. लग्नानंतर आडनाव बदललेले असेल तर कागदपत्रांतील नावांचा मेळ घालण्यातच काही महिने जातात, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिले आहे.

आता पैशांकडे येते, कारण बहुतेक जणी इथे मोघम राहतात आणि नंतर दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडतात. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तुमचा महिन्याचा खर्च सुमारे १६,५०० रुपये होतो: भाडे ५,५००, आणि बाकी किराणा, गॅस, दूध, मुलांची रिक्षा, वह्या-पुस्तके व औषधपाणी. बी.एड.ची दोन वर्षे पगार नसेल तर हाच खर्च जवळजवळ ४ लाख रुपयांवर जातो आणि त्यात महाविद्यालयाचे शुल्क धरलेले नाही. तुमची शिल्लक १,४०,००० रुपये आहे. म्हणजे उचगावात राहून हे शिक्षण होणार नाही, आणि दागिने मोडून किंवा कर्ज काढून ते करावे असे मी तुम्हाला सांगणार नाही. पुढचेही ऐका. बी.एड.नंतर परीक्षेची आणि यादीची वाट पाहण्यात एक-दोन वर्षे जातील, आणि निवड झालीच तर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतील. ते मानधन जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला, म्हणजे आठवीपर्यंतच्या वर्गांना, १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये आहे. म्हणजे आज मिळतो त्यापेक्षा कमी पैसा सरकारी नोकरी लागल्यावरही तीन वर्षे मिळेल. त्यानंतर मात्र चित्र बदलते: प्राथमिक सहायक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून आणि माध्यमिकच्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचे ३८,६०० पासून सुरू होते, वर महागाई भत्ता आणि घरभाडे. त्या पगाराने तुमच्या मुलीच्या पदवीचा आणि मुलाच्या पुढच्या शिक्षणाचा प्रश्न खरोखर सुटू शकतो. मोह त्याचाच असतो आणि तो गैर नाही.

कागलला आईकडे राहायला जाण्याचा पर्याय तुम्ही एका ओळीत लिहून सोडून दिला आहे. माझ्या मते सगळा निर्णय त्या ओळीत आहे. भाडे वाचले आणि भावाच्या घरी किराण्याचा ठरलेला वाटा दिला तर तुमचा खर्च १०,००० रुपयांपर्यंत येईल. कागल कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटरवर आहे, एसटीची ये-जा सतत असते आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. संध्याकाळी आठवी ते दहावीच्या दहा मुलांना विज्ञान-गणित शिकवले तर ५,००० रुपये उभे राहू शकतात. विद्यार्थिनी असेपर्यंत याला हरकत नाही. शाळेत नोकरी लागल्यावर मात्र शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमानुसार खासगी शिकवणी घेता येत नाही. याशिवाय एकल पालकांच्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, तिच्यात प्रत्येक मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन आजच अर्ज करा, कारण हा लाभ बी.एड.शी जोडलेला नाही. पण मंजुरीचे पत्र हातात येईपर्यंत तो जमेत धरू नका, आणि पोटगी तर हिशोबात अजिबात धरू नका; आली तर मुलांच्या नावावर टाका. राज्य शासनाने २०२४ पासून, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घटकांतील मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले आहे. तुमच्या प्रवेशाला ती सवलत कशी लागू होते हे महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रवेशाआधी विचारा.

भावाच्या घरी राहण्याविषयी मोठ्या बहिणीच्या नात्याने एक सांगते. भाऊ हो म्हणेल, आई तर म्हणेलच, पण दोन वर्षे तुमची मुले दुपारी ज्या स्वयंपाकघरात जेवतील ते वहिनींचे आहे. त्यांच्याशी समोर बसून बोला: किती महिने, दरमहा किती रुपये, मुलांचा अभ्यास कोण पाहणार, कोणत्या वेळी तुम्ही घरात असाल. असे बोलणे आपल्याकडे परकेपणाचे मानतात. मी माझ्या माहेरी ते बोलले नाही आणि त्या न बोललेल्या गोष्टींचा ताण पुढे कित्येक वर्षे राहिला.

बी.एड. शिकताना नोकरी चालू ठेवता येईल का, असेही तुम्ही विचारले आहे. प्रामाणिक उत्तर, नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांनुसार अभ्यासक्रमात किमान ८० टक्के आणि शालेय आंतरवासितेत, म्हणजे प्रत्यक्ष शाळेतील सरावात, ९० टक्के उपस्थिती लागते, आणि आंतरवासिता दोन वर्षांत मिळून २० आठवड्यांची असते. मुक्त विद्यापीठातून दूरस्थ पद्धतीने होणारे बी.एड. सेवेतील प्रशिक्षित शिक्षकांसाठी आहे, ते तुम्हाला मिळणार नाही. काही ठिकाणी तुम्हाला सांगतील की हजेरीचे आम्ही बघतो, तुम्ही फक्त परीक्षेला या. त्या वाटेने जाऊ नका. नियमभंगाचा धोका आहेच, शिवाय सूक्ष्म अध्यापन (छोट्या गटापुढचे छोटे पाठ) आणि सराव पाठ न देता आलेली शिक्षिका वर्गात पहिल्या दिवशी उभी राहते तेव्हा तिची किती केविलवाणी अवस्था होते ते मी पाहिले आहे. चाळीस मुले तिच्याकडे बघत असतात, पाठाचे टाचण (टिपण) हातात असते आणि दहाव्या मिनिटाला सांगायचे संपलेले असते. एकट्या आईला घरी आल्यावर दुसऱ्या दिवसाच्या तयारीला तासभरच मिळतो. ज्या कामाचा पाया पक्का नाही ते एका तासात भागत नाही.

नेमणुकीच्या ठिकाणाविषयी मला सविस्तर लिहायचे आहे. पवित्र पोर्टलवर तुम्ही राज्यभरातील संस्थांचे प्राधान्यक्रम भरता आणि गुण, प्रवर्ग, विषय व रिक्त जागा यांवरून शिफारस होते. कोल्हापूर जिल्ह्यात त्या वेळी तुमच्या विषयाची आणि प्रवर्गाची जागा नसेल तर नाव रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड किंवा पालघरला लागू शकते. आपल्या जिल्ह्यात लागले तरी शहराजवळच्या जागा आधीच भरलेल्या असतात. रिकाम्या असतात त्या गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड अशा डोंगराळ भागातल्या. पावसाळ्यात गगनबावड्याचा रस्ता पाण्याखाली गेला की शाळा आणि घर यांच्यामध्ये तुम्ही अडकता. जुलै महिन्यात पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे जाऊ लागली की मी आजही आधी दूरच्या शाळांतल्या शिक्षिकांना फोन करते की कोणाची मुले कुठे आहेत.

माझे असेच झाले. वाडीपर्यंत एसटी येत नव्हती, फाट्यावर उतरून तीन किलोमीटर चालावे लागे, आणि शिवाजी पेठेतल्या माहेराहून रोज जाऊन-येऊन करणे शक्य नव्हते. मी मुलीला बरोबर घेतले आणि वाडीवर एका घराच्या सोप्यात राहिले. मुलगा फार लहान होता, तिथला पाऊस आणि दवाखान्याचे अंतर बघून त्याला दीड वर्ष आईकडे ठेवले. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी संध्याकाळपर्यंत कोल्हापूरला पोहोचायची. मी दारात आले की तो आधी आजीच्या मागे जाऊन उभा राहायचा, आणि माझ्याजवळ यायला रविवारची दुपार उजाडायची. सोमवारी पहाटे मी पुन्हा निघालेली असायची. त्या वेळी दुसरा मार्ग दिसत नव्हता. आज वाटते की एक वर्ष उशिरा रुजू होता आले असते तर मी थांबले असते. तुमची मुले मोठी आहेत, आणि सगळे सुरळीत झाले तर नेमणुकीच्या वेळी मुलगी तेरा-चौदा वर्षांची आणि मुलगा दहा-अकरा वर्षांचा असेल. तो काळ मला तुमच्यासाठी माझ्यापेक्षा बरा दिसतो. मुले आपले ताट वाढून घेऊ शकतात, एकटी बसने येऊ शकतात आणि बोलून दाखवू शकतात. मात्र मुलगी तेव्हा नववी-दहावीच्या उंबरठ्यावर असेल आणि त्याच वर्षी तिला परजिल्ह्यात न्यावे लागले तर ते सोपे जाणार नाही. म्हणून प्राधान्यक्रम भरताना जिथे मुलांसह खरोखर जाऊन राहाल तेवढीच ठिकाणे भरा. नाव लागले आणि रुजू झाले नाही, अशी स्थिती स्वतःवर ओढवून घेऊ नका.

एकट्या महिलांसाठी नियमांत काही आधार आहे, तो कधी मिळतो हेही कळायला हवे. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदली धोरणात विधवा आणि परित्यक्ता किंवा घटस्फोटित शिक्षिकांना विशेष संवर्ग भाग एकमध्ये प्राधान्य आहे; तुमच्या हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रती त्यासाठी जपून ठेवा. पण हे प्राधान्य बदलीत आहे, पहिल्या नेमणुकीत त्याचा भरवसा धरू नये. नियमित वेतनश्रेणीत आल्यावर मूल १८ वर्षांचे होईपर्यंत एकूण १८० दिवसांची बालसंगोपन रजाही मिळते. तुमच्या बाबतीत त्या वेळी मुलगी सोळा-सतरा वर्षांची झालेली असेल, म्हणजे ती रजा प्रामुख्याने मुलाच्या दहावी-बारावीला उपयोगी पडेल. लहानपणच्या तापाला आणि कांजिण्यांना ती येणार नाही.

मुलांबरोबर जाणे-येणे या कल्पनेविषयीही थोडे. तुमच्या मुलाची शाळा सकाळच्या सत्राची असेल तर तो साडेबाराला घरी येईल, आणि तुमची शाळा साडेदहा ते पाच असेल तर तुम्ही सहा-साडेसहाला पोहोचाल. कायद्याने शिक्षकाचे काम पूर्वतयारीसह आठवड्याला ४५ तासांचे आहे. निवडणूक आणि जनगणना यांचीही कामे आपल्यालाच असतात, आणि ती पुष्कळदा सुट्टीत येतात. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीचा फायदा खरा आहे, तो मी नाकारत नाही. त्या सुट्ट्यांनी माझ्या मुलांना आई परत दिली असे मी म्हणेन. पण रोजच्या दुपारचा प्रश्न नोकरी बदलून सुटत नाही, तो आजी, पाळणाघर किंवा विश्वासू शेजार यांनीच सुटतो. घड्याळापेक्षाही अवघड वाटले ते मनाचे. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांपुढे सहनशील राहिलेली बाई संध्याकाळी स्वतःच्या मुलाला पाढा चुकला म्हणून चटकन ओरडते. माझी मुलगी माझ्याच वर्गात होती, आणि पक्षपात नको म्हणून मी तिला हात वर करूनही क्वचित उत्तर सांगू देत असे. तिने ते मला बारावी झाल्यावर सांगितले, तोपर्यंत मला कळलेही नव्हते. तुम्हाला कधी आपल्याच शाळेत मूल घालण्याची वेळ आली तर शक्यतो दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात ठेवा.

आता तो प्रश्न, जो तुम्ही विचारला नाही: तुम्हाला शिकवायला आवडते का? तुमच्या संपूर्ण लेखनात मुलांची सोय आहे, पगार आहे, लोकांचे म्हणणे आहे, पण एखाद्याला काही समजावून सांगताना तुम्हाला काय वाटते याविषयी एक वाक्य नाही. ते कदाचित संकोचाने राहिले असेल. ज्या एकट्या शिक्षिका ही मधली वर्षे पार करताना मी पाहिल्या, त्यांना वर्गात बळ मिळत होते. घरात कितीही ओढाताण असली तरी वर्गाचे दार उघडल्यावर त्यांचा चेहरा खुलायचा. ज्यांना ते मिळत नव्हते त्या दोन्हीकडून रिकाम्या होत गेल्या, आणि त्याचा परिणाम आधी त्यांच्या मुलांवर झाला. म्हणून राजीनामा देण्याआधी तीन-चार महिने रविवारी सकाळी आजूबाजूच्या सातवी-आठवीच्या पाच-सहा मुलांना विनामूल्य विज्ञान शिकवून पाहा. हुशार मुले निवडू नका. ज्याला अपूर्णांक येत नाही, जो सतत खिडकीबाहेर बघतो, असा एक तरी मुलगा त्यात असू द्या. फाउंड्रीतला ओतीव लोखंडाचा नमुना आणि त्यातल्या कार्बनचे प्रमाण तुम्ही रोज तपासता. ते आठवीच्या मुलाला समजेल असे सांगता येते का, आणि तो पुढच्या रविवारी परत येतो का, हे पाहा. चार महिन्यांनी रविवार जवळ आला की जीवावर येते की उत्सुकता वाटते, याचे उत्तर तुमच्याशिवाय कोणी देऊ शकत नाही.

खासगी शाळांविषयी थोडक्यात लिहिते. माझ्या ओळखीच्या मुली शहरातल्या विनाअनुदानित शाळांत बी.एड. असूनही ८,००० ते १५,००० रुपयांवर काम करतात. गणित-विज्ञानाच्या शिक्षिकेला त्यातल्या त्यात लवकर काम मिळते, आणि तुमची पदवी ही तुमची जमेची बाजू आहे. पण तो पगार आजच्या पगारापेक्षा कमी आहे हे विसरू नका. आणि कोणत्याही संस्थेने पुढे अनुदान येणार आहे, आता देणगी भरा, जागा तुमचीच, असे म्हटले तर तिथून उठून या. नोकरीच्या शोधात असताना मीही एका संस्थेत अनुदान येईल या आशेवर काही महिने बिनपगारी शिकवले, तेव्हाही घरात दोन लहान मुले होती. मुलांच्या तोंडचा घास अशा आश्वासनावर कोणी लावू नये असे मला मनापासून वाटते.

तुमच्या जागी मी असते तर यंदा नोकरी सोडली नसती. बी.एड.ची सीईटी नोकरीत राहून दिली असती. त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि रोज तासभर अभ्यास पुरतो. दरम्यान रविवारचा वर्ग चालवला असता, बालसंगोपन योजनेचा अर्ज केला असता आणि वहिनींशी बोलले असते. मुलीची चौथी संपते आहे, अनेक ठिकाणी पाचवीला शाळा बदलावीच लागते, त्यामुळे जूनमध्ये कागलच्या शाळेत तिचे नाव घालणे तिला फारसे तुटल्यासारखे वाटणार नाही. मुलगाही दुसरीत नव्या शाळेत रुळेल. महाविद्यालय सुरू व्हायला त्यानंतर काही आठवडे जातात, त्या काळात मुले आजीच्या घरी बसतात का ते पाहता येईल आणि तोवर तुमचा पगार चालू राहील. प्रवेश निश्चित होऊन वर्ग सुरू होण्याची तारीख कळली की मगच राजीनामा. आणि यांपैकी कागलची व्यवस्था जमली नाही, तर मी बी.एड. सध्या बाजूला ठेवून प्रयोगशाळेतल्या कामातच पुढची पायरी शोधली असती. मुलगा पाचवीत जाईपर्यंत थांबणेही चालले असते, मात्र मागास प्रवर्गात असाल तरच, कारण खुल्या प्रवर्गाला वयोमर्यादा तेवढी उसंत देत नाही.

तुमचा प्रवर्ग, बी.एस्सी.ची टक्केवारी आणि वहिनींचे उत्तर, या तीन गोष्टी कळवा. त्या कळल्या की जूनपर्यंतच्या महिन्यांत कोणते काम आधी करायचे आणि कोणते कागद गोळा करायचे, ते मी तारखांसह लिहून देते.